भाकड गाय, गुण अठ्ठ्याण्णव

सकाळी साडेपाचला नऊ गायींची धार काढणे ही गोठेवाल्याची बावीस वर्षांची सवय होती, आणि तिला कोणत्याही खात्याची मान्यता नव्हती. ही गंभीर बाब आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. गायींच्या तर नाहीच नाही.

नऊ दुभत्या, आणि दहावी मोरी. मोरी काळी-पांढरी, पोक्त, आणि चार वर्षांपासून भाकड. एकदा आटली ती पुन्हा गाभण राहिलीच नाही. बायको दर महिन्याला एकदा विचारी, "हिचं काय करायचं?" आणि गोठेवाला दर महिन्याला एकदा म्हणे, "बघू." या दहा जणींत सगळ्यात आधी आलेली तीच, त्यामुळे विषय 'बघू'च्या पुढे कधी सरकला नाही. मोरी वैरण खाई, खाली बसे आणि निवृत्त न्यायाधीशासारखी समोरच्या भिंतीकडे बघत राही.

तेवढ्यात दूर कुठल्याशा शहरात एका टँकरमध्ये असे दूध सापडले, ज्याची गायीशी कधी तोंडओळखही झाली नव्हती. त्यात पांढरी पावडर होती, तेल होते आणि कपडे धुवायचे काहीतरी होते. टँकरवाला पळाला, कारखानदार सापडेना. मग उरला कोण, तर ज्याच्या दारात गाय बांधलेली आहे तो, कारण दहा गायी घेऊन पळता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे फाशीची नियमावली बेचाळीस पानांची होती.

तिचे नाव 'दुग्ध पारदर्शकता आणि जनविश्वास नियमावली'. प्रस्तावनेत खात्याने अतिशय प्रामाणिकपणे नमूद केले होते की, दूध तपासायला प्रयोगशाळा लागतात, प्रयोगशाळेला माणसे लागतात आणि माणसांना खुर्च्या लागतात. शिवाय दुधात काय आहे हा प्रश्न गौण असून, दुधात काय आहे असे लोकांना वाटते हा प्रश्न मुख्य आहे. सबब यापुढे दूध तपासू नये, लोकांना विचारावे.

त्यानुसार एका सकाळी विश्वास अधिकारी गोठ्यावर आले. तरुण होते, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांच्या माणसाने मधल्या खांबावर कॅमेरा बसवला.

"हा चोवीस तास चालू राहील," अधिकारी म्हणाले. "कुणीही ग्राहक मोबाइलवर तुमचा गोठा बघेल, शेरा लिहील आणि पाचापैकी तारे देईल, त्यावरून गुण ठरतील. शंभरात सत्तर राखलेत, तर संकलन केंद्र तुमचं दूध घेईल."

"आणि सत्तरच्या खाली गेलो तर?"

"तर परवाना गेला. परवाना नसलेलं दूध कुणी विकायचं नाही आणि कुणी घ्यायचं नाही. पण लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

गोठेवाल्याला हे पटले. खरे सांगायचे तर त्याला आनंदच झाला. बावीस वर्षे अंधारात उठून केलेले काम एकदाचे चार लोक बघणार होते. त्याने भिंतींना चुना लावला, गव्हाणी घासल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कपाटातला ठेवणीतला शर्ट घालून धार काढायला बसला. घोळ तिथेच झाला. शर्टाला डांबरगोळीचा वास होता. तांबू नावाची त्याची सगळ्यात गरीब गाय, तिने तो वास घेतला, धनी ओळखला नाही, आणि चरवीसकट त्याला आडवा केला. साडेतीन हजार ग्राहकांनी ते पाहिले. पहिल्या दिवसाचे गुण एकसष्ट.

"जुना सदरा काय खायला उठला होता?" बायको म्हणाली.

"लोक बघणार होते गं."

"लोक बघत होते, पण तांबू हुंगत होती."

जुना सदरा परत आला. गुण मात्र वर येईनात, कारण आता शेरे सुरू झाले होते. पहिला शेरा असा होता की सर्व जनावरे दिवसभर तोंड हलवत असतात, त्यांना नेमके काय चघळायला दिले आहे याचा खुलासा व्हावा. गोठेवाल्याने लेखी खुलासा केला : रवंथ. त्यावर खात्याकडून पत्र आले की रवंथ या पदार्थाची खरेदी-पावती सोबत जोडलेली नाही.

शेवटी त्याने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर निवृत्तीला आलेले, बोलायला तिखट आणि हाताला गुण असलेले. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"तीस वर्षं मी रवंथ थांबला की औषध देतोय," ते म्हणाले. "आता चालू राहिला म्हणून दाखला द्यायचा?"

"द्या डॉक्टर. गुण अडलेत."

डॉक्टरांनी दाखला दिला की सदर रवंथ नैसर्गिक असून तो जनावराने स्वतःच्या जबाबदारीवर केला आहे. खात्याने तो दाखल करून घेतला.

मग शेणाचा प्रश्न आला. शेण सर्वांसमक्ष पडते आणि ते जेवणाच्या वेळी बघवत नाही, असे चारशे जणांचे म्हणणे होते. जेवताना गोठा बघा, असे त्यांना कुणी सांगितले होते हे शेऱ्यात नव्हते. गोठेवाल्याने बायकोची जुनी साडी फाडून गायींच्या मागे पडदा लावला. तासाभरात सहाशे तक्रारी आल्या : पडद्यामागे काय चालले आहे? पडदा निघाला. शेण पुन्हा सर्वांसमक्ष पडू लागले आणि गुण छपन्नवर आले.

पण खरी कुऱ्हाड पडली ती पान्ह्यावर. गायीला पान्हा फुटावा म्हणून धारेआधी वासरू सोडायचे, त्याला चार घोट पिऊ द्यायचे, मग बाजूला बांधून धार काढायची, ही गोठ्यातली रीत. यावर एकाच दिवशी दोन तक्रारी आल्या. एका ग्राहकाचे म्हणणे, वासराने तोंड लावलेले दूध आम्हाला पाजतात. दुसऱ्याचे म्हणणे, वासराच्या तोंडचे दूध काढून आम्हाला पाजतात.

"यातली कुठली धरू, साहेब?" गोठेवाल्याने विचारले. अधिकारी पुन्हा उंबऱ्यात उभे होते, पुन्हा बुटांवर पिशव्या होत्या.

"दोन्ही. दोन्ही जनभावना आहेत."

"वासरू सोडलं तर उष्टं आणि बांधलं तर चोरी. मी करू काय?"

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. त्यांना गोठेवाल्याविषयी राग नव्हता. उलट त्यांना खरोखरच मदत करायची होती आणि तीच अडचण होती. त्यांनी तिथल्या तिथे आदेश काढून दिला : वासराने दूध प्यावे, परंतु दुधाला तोंड लावू नये.

बायकोने तो आदेश वासराच्या खुंट्याजवळ चिकटवला. म्हणाली, आता त्याचं ते बघेल. वासराने तो खाल्ला.

महिन्याअखेर गुण बावन्न झाले आणि नोटीस आली. एकवीस दिवसांत सत्तर, नाहीतर परवाना रद्द. गोठेवाल्याची झोप उडाली. त्याला गायींखेरीज दुसरे काही येत नव्हते. कुणी 'तुम्ही काय करता' विचारले तर त्याचे हात आपोआप मुठी उघडमीट करू लागत, इतके ते काम त्याच्या अंगात होते. परवाना गेला म्हणजे त्याला माणसातून उठवल्यासारखेच होते.

त्याने अधिकाऱ्यांना विचारले की निदान कुठे चुकते ते तरी सांगा. अधिकाऱ्यांनी मोबाइल काढून जनावरनिहाय तक्ता दाखवला. नऊ गायी चाळीस ते साठच्या दरम्यान तडफडत होत्या. क्रमांक दहाला अठ्ठ्याण्णव गुण होते.

"ही तुमची आदर्श गाय," अधिकारी म्हणाले. "हिच्याविषयी तक्रारच नाही. दोन गुण गेले तेही कॅमेऱ्यावर धूळ आहे म्हणून. कुणी तिला त्रास देत नाही, ती कुणाला लाथ मारत नाही. लोक ऑफिसात बसून हिला बघतात. बाकीच्या गायींना असं का ठेवत नाही?"

"साहेब, ती दूध देत नाही."

"मग? म्हणूनच तर लोकांचा तिच्यावर विश्वास आहे."

दुभत्या गायीच्या लाथा गोड असे ऐकत गोठेवाला लहानाचा मोठा झाला होता. इथे भाकड गायीचे नुसते बसणे गोड झाले होते. तो मोरीसमोर जाऊन उभा राहिला. मोरीने भिंतीवरची नजर क्षणभर त्याच्याकडे वळवली आणि पुन्हा भिंतीकडे नेली.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला आपला विचार सांगितला. सगळ्या गायी आटवायच्या. पेंड बंद करायची, एका आड एक धार सोडायची, आठ-दहा दिवसांत कोरड्या होतील. तांबू तर गाभणच आहे, तिला महिन्याभरात आटवायचीच होती.

"अहो, आटवलेली गाय म्हणजे नळ नव्हे, पुन्हा फिरवला की सुरू," बायको म्हणाली. "पुढच्या वेतापर्यंत थेंब मिळायचा नाही."

"परवाना टिकला तर दूध आज ना उद्या येईल. दूध राहिलं आणि परवाना गेला, तर ते ओतायचं कुठं?"

हे बोलणे बिनतोड होते. मोठ्या चुका नेहमी बिनतोडच असतात.

आटवणीचे पहिले पाच दिवस वाईट गेले. साडेपाच वाजले की गायी कासा तटतटून हंबरायला लागत, मागे वळून दाराकडे बघत. गोठेवाला दाराआड रिकामी चरवी धरून उभा राही. बावीस वर्षांत त्याने गायींना असे फसवले नव्हते आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. मोबाइलवर मात्र शेऱ्यांचा सूर पालटला होता. 'पहाटे गायी गातात. मन प्रसन्न झाले. पाच तारे.'

एकविसाव्या दिवशी गोठ्याला शहाण्णव गुण होते. धार नाही, लाथ नाही, चरवी नाही. पेंड बंद झाल्यामुळे शेणही बेताचेच. अधिकारी स्वतः येऊन दारावर 'विश्वासार्ह गोठा' अशी पितळी पाटी ठोकून गेले. त्यांनी छोटे भाषणही केले. या गोठ्याने दाखवून दिले आहे, ते म्हणाले, की मनात आणले तर शेतकरी जनतेचा विश्वास परत मिळवू शकतो. परवान्यासोबत एक अट होती : जनतेने ज्या स्थितीत गोठ्यावर विश्वास टाकला, ती स्थिती कायम ठेवावी.

परवाना घेऊन गोठेवाला संकलन केंद्रावर गेला. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला.

"एक नंबर. अख्ख्या भागात असा परवाना नाही," कारकून म्हणाला.

"पण सध्या दूध नाही माझ्याकडं."

"हरकत नाही. तुमच्या नावावर रोज दोन कॅन येतायत."

"कुठनं?"

कारकुनाने खिडकीतून बाहेर बोट दाखवले. कारखान्याचा टँकर उभा होता, स्वच्छ, पांढरा, आणि त्यावर मोरीचे भले मोठे चित्र. कारखान्यात पावडर कालवून दूध करत. तिथेही नियमाप्रमाणे कॅमेरा होता आणि त्यात पांढरी भिंत व चकचकीत नळ्या दिसत. माशी नाही, शेण नाही, वासरू नाही. शंभर गुण होते. फक्त नियमावलीत दूध गोठ्याच्या नावाने नोंदवायचे असल्यामुळे त्यांना एक गोठा लागत होता, आणि ज्यात दूध निघत नाही असा गोठा त्यांच्या दृष्टीने सर्वात सोयीचा होता. दोघांचे कसे छान जमले होते, हे कारकुनाने त्याला समजावून सांगितले.

घरी चहाला दूध नव्हते. बायको दुकानातून पिशवी घेऊन आली, ती पदराखाली झाकून, दारूची बाटली आणावी तशी. दुधाचा धंदा करणाऱ्याच्या घरात पिशवी, हे शेजारणीला दिसले असते तर मेल्याहून मेल्यासारखे झाले असते. पिशवीवर मोरी होती. चहा निळसर झाला. दोघे तो प्यायले.

असेच दिवस गेले. दोन महिन्यांनी, भर दुपारी, बघणाऱ्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते त्या जेवणाच्या वेळी, तांबू व्याली. कालवड झाली. वार पडून तांबू मोकळी होईपर्यंत गोठेवाल्याने पाठ फिरवली नाही. कालवड पुसली, उभी केली, सडाला लावली. ती अशक्त होती. दोन-चार घोट प्याली आणि पाय दुमडून बसली. तांबूची कास मात्र दगडासारखी झाली होती.

डॉक्टर आले, त्यांनी कासेला हात लावून पाहिले.

"कालवडीच्या पिण्यानं भागणार नाही," ते म्हणाले. "आता काढलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत ठेवलंत तर कास सुजेल आणि सड जातील. मग तांबूपण मोरीच्या शेजारी बसेल."

गोठेवाल्याने अधिकाऱ्यांना फोन लावला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "नियमात तातडीच्या धारेची सोय आहे. अर्ज करा, सात दिवसांत समिती येईल."

"सात दिवसांत गाय फुटेल हो."

"तसा उल्लेख अर्जात करा. पण समिती येण्याआधी धार काढलीत, तर स्थितीत बदल होतो. आणि कॅमेरा झाकलात तर लगेच रद्द. मी तुमच्या भल्यासाठी सांगतो."

गोठेवाल्याने फोन ठेवला. समोर पितळी पाटी होती, आत तांबू पाय आपटत होती. बायकोने चरवी विसळून त्याच्या हातात दिली आणि कालवडीला धरून बसली. त्याने कॅमेरा झाकला नाही. पाठही केली नाही. जुना सदरा अंगात होताच, तांबूने तो हुंगला आणि पाय स्थिर केला. पहिली धार चरवीच्या तळाशी वाजली, तेव्हा त्याला रडू आले. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच वाहू दिले.

मोबाइलवर हाहाकार उडाला. सगळ्यात गाजलेला शेरा असा होता : 'एका माणसाने गायीच्या अंगातून अचानक पिवळसर द्रव काढला. हे नेमके काय आहे? आम्ही आमच्या मुलांना हे पाजत होतो का?' अकराव्या मिनिटाला परवाना रद्द झाला. आदेशात कारण एका ओळीत होते : गोठ्यात दूध आढळले.

आठ-दहा दिवसांत चीक संपून तांबूला चांगले दाट दूध सुरू झाले. कालवड पोटभर पिऊनही ते उरे. विकायचे नव्हते, ओतायला हात धजेना. म्हणून गोठेवाला बरणी भरून शहरात धाकट्या बहिणीकडे गेला. लग्न झाल्यापासून तिचे गोठ्यावर येणे झाले नव्हते. तिने बरणीचे झाकण काढून आत पाहिले.

"दादा, वर हे पिवळं काय आलंय?"

"साय आहे ती."

"आणि टिकतं किती?"

"तापवलंस तर उद्यापर्यंत."

"बघ. पिशवीतलं महिनाभर टिकतं," ती म्हणाली. "राग नको मानू, पण असं थेट गायीतनं आलेलं मुलांना द्यायचं म्हणजे... तपासलेलं नाही, काही नाही. मी कुंडीतल्या झाडांना घालते, वाया नाही जाऊ द्यायची."

तिने पिशवी फोडून त्याला चहा केला. चहा उकळेपर्यंत तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "ही बघ, क्रमांक दहा. बाकीचा गोठा मी बघत नाही, पण रोज हिला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी कायम पाच तारे देते. परवाना गेला तरी लोकांनी हिच्यासाठी कॅमेरा चालू ठेवायला लावला. किती शांत आहे ना?"

गोठेवाल्याने बघितले. "आपलीच आहे," तो म्हणाला. "मोरी. तू लहान असताना घेतलेली."

बहीण बघतच राहिली. तिचा आनंद खरा होता.

"मग हिचं दूध आणायचं ना, दादा. हिच्यावर विश्वास आहे माझा."

"बघू," गोठेवाला म्हणाला, आणि त्याने निळसर चहा संपवला.

बहिणीचे हसू आले असेल तर वाचकांनी खुशाल हसावे. फक्त हसून झाल्यावर एकदा उठून आपल्या घरातल्या पिशवीवरची गाय बघून यावी. काळी-पांढरी असेल, बसलेली असेल आणि निवृत्त न्यायाधीशासारखी समोर बघत असेल, तर ती मोरी. तिने गेल्या चार वर्षांत थेंबभर दूध दिलेले नाही.